जामीन मंजूर, सुटका नाही: एका गवंड्याचे प्रकरण

मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. तरीही त्याची सुटका झाली नाही. बाहेर येण्यासाठी त्याला पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचेच दार ठोठवावे लागले. या खेपेला त्याचे मागणे जामिनाचे नव्हते. हातात असलेला जामीन आपल्याला परवडेल असा करून द्या, एवढेच तो मागत होता. ‘मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या नावाने हे प्रकरण कायद्याच्या पुस्तकांत आहे. निकाल 24 ऑगस्ट 1978 चा, न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांच्या खंडपीठाचा.

कायदा श्रीमंतांना झुकते माप देतो का, हा प्रश्न निघाला की बोलणे बहुधा गाजलेल्या खटल्यांकडे वळते. महागडे वकील, फुटलेले साक्षीदार, गहाळ झालेले कागद. ते सगळे आहेच. पण त्यातून असे वाटू लागते की कुणीतरी लबाडी केली म्हणून गरिबावर अन्याय झाला. लबाडी काढून टाकली की यंत्रणा आपोआप समान वागेल. गवंड्याचे प्रकरण मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. इथे कुणी लाच घेतल्याचा आरोप नाही, साक्षीदार फुटलेला नाही, तपासात घोळ नाही. वरच्या न्यायालयाने दिलासा दिला, खालच्या न्यायालयाने नेहमीच्या रिवाजाप्रमाणे आदेश काढला, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत एक माणूस अडकून राहिला. ती फट पैसेवाल्याला दिसतसुद्धा नाही.

काय घडले

सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या आदेशात जामिनाचा तपशील नव्हता. रक्कम किती, जामीनदार किती, हे ठरवण्याचे काम मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांवर सोपवले होते. हा आजही रोजचा रिवाज आहे. वरून ‘जामीन मंजूर’ असा आदेश येतो, आणि त्याचे रूपयांत भाषांतर खाली होते.

मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी रक्कम लावली 10,000 रुपये, आणि तेवढ्या ऐपतीचा जामीनदार आणायला सांगितले. रोजंदारीवर विटा रचणारा माणूस, साल 1978. त्याच्या ओळखीपाळखीत एवढ्या ऐपतीचा माणूस असणार तरी कुठून? तरी त्याचा भाऊ पुढे आला. भावाकडे थोडीफार मालमत्ता होती. पण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तो जामीनदार चालणार नाही असे ठरले. जामीनदार याच जिल्ह्यातला हवा. (हे अर्जातले म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते खरे धरून निकाल दिला, आणि तसे निकालात नोंदवलेही.)

गवंड्याने मग सर्वोच्च न्यायालयाला विनंती केली: रक्कम 2,000 रुपयांवर आणा, किंवा मला माझ्याच जातमुचलक्यावर (म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर) सोडा, किंवा योग्य वाटेल तो हुकूम करा.

एवढीच हकिकत. खटल्यात तो दोषी की निर्दोष, हा प्रश्न इथे नव्हताच. त्याला बाहेर ठेवायला हरकत नाही, हे देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने आधीच ठरवले होते. उरला होता फक्त कागद.

जामीनदार उभा करणे म्हणजे काय

ज्यांचा कोर्टाशी कधी संबंध आला नाही, त्यांना वाटते की जामीन मिळाला म्हणजे माणूस घरी गेला. प्रत्यक्षात ‘जामीन मंजूर’ या शब्दांनंतर एक वेगळीच धावपळ सुरू होते, आणि ती आरोपीची नसते, त्याच्या घरच्यांची असते.

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या तांड्यावरचा ऊसतोड कामगार डोळ्यांसमोर आणा. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन तो कर्नाटकातल्या कारखान्यावर गेला, तिथे भांडणात किंवा चोरीच्या संशयावरून पकडला गेला. आठ-पंधरा दिवसांनी त्याला जामीन होतो. आदेशात लिहिलेले असते: अमुक हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून द्यायचे की तारखेला हजर राहीन, न राहिलो तर एवढी रक्कम भरीन. त्याला सहीपलीकडे काही लागत नाही. अडते ते जामीनदारापाशी. जामीनदाराने काम सोडून कोर्टात यायचे. सोबत आधार कार्ड, शिधापत्रिका, फोटो. मालमत्ता दाखवायला सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरी असेल तर पगारपत्रक. पुष्कळ ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात. आणखी कुणाकुणाला जामीन आहेस, हेही लिहून द्यायचे. मग पडताळणी. कधी ती प्रतिज्ञापत्रावर भागते, कधी कागद पोलीस ठाण्यात जातात आणि तिथे पडून राहतात. सगळे जमले की सुटकेचा आदेश तुरुंगात पोचवायचा.

आता त्या कामगाराची बायको हे कसे करणार ते पाहा. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि ती त्यातली अर्धी; नवरा आत गेल्यावर तिचेही काम थांबते, उचल मात्र अंगावर तशीच. जमीन असली तर गावाकडे, एकर-दीड एकर, तीही सासऱ्याच्या किंवा चार भावांच्या सामाईक नावावर. सातबारा मराठीत, कोर्ट कन्नड मुलखात. गावाहून कुणाला जामीनदार म्हणून बोलवायचे तर त्याचे जाण्या-येण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी तिनेच द्यायची. आणि तो आला, की ‘स्थानिक जामीनदार आणा’.

ही फक्त गरिबीची गोष्ट नाही, हे लक्षात घ्यायला हवे. गवंड्याच्या भावाकडे मालमत्ता होती. कामगाराच्या सासऱ्याकडेही एकरभर जमीन आहे. त्यांची अडचण ही की पोट भरण्यासाठी त्यांना घर सोडावे लागले. बंगलेवाल्या माणसाला पोटासाठी जिल्हा ओलांडावा लागत नाही, आणि ओलांडला तरी जिथे जाईल तिथे त्याच्या ओळखीचे लोक निघतात.

पैसा असला की हा सगळा रस्ता कसा आखडतो, तेही कायद्यातच आहे. बंधपत्राऐवजी रोख रक्कम भरायची परवानगी न्यायालय देऊ शकते. मुंबईत तात्पुरता रोख जामीन हा अगदी सवयीचा प्रकार आहे: आज रोख भरा, बाहेर या, जामीनदार काही आठवड्यांत आणून द्या. ज्याच्याकडे रोख आहे तो बाहेर राहून जामीनदार शोधतो. ज्याच्याकडे नाही, तो आत बसून वाट पाहतो. गुन्हा तोच, कलम तेच, आदेशाचे शब्दसुद्धा तेच.

2021 च्या ऑक्टोबरमधले मुंबईतले एक गाजलेले प्रकरण इथे आठवते. एका मोठ्या सिनेनटाचा मुलगा अमली पदार्थांच्या प्रकरणात अटकेत होता. पुढे मे 2022 मध्ये तपास यंत्रणेने त्याच्यावर आरोपपत्रच ठेवले नाही. खालच्या न्यायालयांनी त्याचा जामीन नाकारला होता, म्हणजे पैसा असूनही त्याचे तीन-साडेतीन आठवडे आत गेले. पण 28 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने जामीन दिल्यानंतरचे पाहा. दुसऱ्याच दिवशी एक नामवंत अभिनेत्री स्वतः न्यायालयात येऊन एक लाखाची जामीनदार झाली. त्या संध्याकाळी सुटकेचे कागद आर्थर रोड तुरुंगाबाहेरच्या जामीनपेटीत ठरलेल्या वेळेत पडले नाहीत, म्हणून आणखी एक रात्र गेली. 30 तारखेला सकाळी तो घरी. ती एक रात्र वाढली याची देशभर बातमी झाली. त्यात त्या कुटुंबाचा काही दोष नाही. आपल्या लेकरासाठी कुणीही हेच करील. माझे म्हणणे एवढेच की त्याच तुरुंगाच्या त्याच पेटीत ज्यांचा कागद कित्येक महिने पडत नाही, त्यांच्या रात्री कुणी मोजत नाही.

निकालाने काय केले

खंडपीठाने तीन प्रश्न मांडले. जामीनदाराशिवाय, नुसत्या जातमुचलक्यावर न्यायालय सोडू शकते का? जामीनदार मागायचाच असेल तर रक्कम कशावरून ठरवायची? आणि दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा राज्यातला आहे म्हणून जामीनदार नाकारता येतो का?

पहिला प्रश्न वाटतो तेवढा सोपा नव्हता. फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘जामीन’ हा शब्द कुठे एका अर्थाने, कुठे दुसऱ्या अर्थाने आलेला आहे. काही कलमांत ‘जामिनावर’ आणि ‘स्वतःच्या बंधपत्रावर’ अशी वेगवेगळी वाक्ये आहेत, त्यामुळे जामीन म्हणजे जामीनदार आलाच असा अर्थ काढायला जागा होती. न्यायालयाने तो अर्थ नाकारला. जामिनात दोन्ही येतात, जामीनदारासह सुटका आणि जामीनदाराशिवाय सुटका. शब्द संदिग्ध असेल तर माणसाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने वाचायचा, ही त्यामागची दिशा होती.

दुसऱ्या प्रश्नावर कृष्ण अय्यरांची लेखणी तापली. गवंड्याकडून 10,000 रुपयांचा जामीनदार मागणे हे मनाला धक्का देणारे आहे असे त्यांनी लिहिले. गवंडी आणि लक्षाधीश यांना एकाच मापाने मोजले तर घोर बेकायदेशीरपणा अटळ आहे, असेही. हे वाक्य मला फार मोलाचे वाटते, कारण समानतेबद्दलचा आपला भाबडा समज त्यात थेट मोडला आहे. दोघांना सारखीच रक्कम लावली म्हणजे समान वागणूक झाली, असे वरवर दिसते. पण जामिनाचा हेतू एकच: माणूस तारखेला यावा. ज्या रकमेने लक्षाधीशाला फरक पडत नाही आणि गवंडी जन्मभर उभी करू शकत नाही, ती रक्कम दोघांना लावली तर एकाच्या बाबतीत ती खात्री देत नाही आणि दुसऱ्याच्या बाबतीत ती शिक्षा होते. संहितेच्या कलम 440 मध्ये तर सरळच म्हटले होते की रक्कम प्रकरणाची परिस्थिती पाहून ठरवावी आणि ती अवाजवी नसावी. कायदा चुकीचा लिहिलेला नव्हता. तो वाचला जात नव्हता.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजही कोर्टाच्या भिंतीवर लावावे असे आहे. एखादा मल्याळी, कानडी किंवा तमिळ माणूस बस्तरमध्ये, पोर्ट ब्लेअरला, पहलगामला किंवा चांदणी चौकात पकडला गेला तर त्याने तिथे मालमत्ता असलेला जामीनदार आणायचा कुठून, असा प्रश्न न्यायालयाने विचारला. तो कामाच्या शोधात आला असेल, मोर्चात आला असेल. त्याला तिथे ओळखणारे कुणी नसेलच. जामीनदार याच जिल्ह्यातला हवा असे कोणता कायदा सांगतो? दुसऱ्या भाषेतला अर्ज किंवा वकीलपत्र चालणार नाही असे कोणता कायदा सांगतो? संविधानाचे कलम 14 भारताच्या हद्दीतल्या सर्वांसाठी आहे, आणि भारत म्हणजे एकमेकांना अस्पृश्य अशा जिल्ह्यांची मोळी नव्हे. तसे मानले तर आदिवासी स्वतंत्र भारतात पारतंत्र्यातच राहील, असा त्या परिच्छेदाचा रोख आहे.

शेवटी हुकूम: गवंड्याला त्याच्या स्वतःच्या 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडा. जामीनदार नाही. त्याने मागितले होते त्याच्या निम्मे, आणि खाली लावले होते त्याच्या दहावा हिस्सा.

हे लिहिणारा न्यायाधीश तुरुंगाला अनोळखी नव्हता, हेही सांगायला हवे. कृष्ण अय्यर 1957 च्या केरळ मंत्रिमंडळात होते, कायदा आणि तुरुंग ही खाती त्यांनी सांभाळली होती. 1948 मध्ये ते स्वतः महिनाभर तुरुंगात राहून आले होते. निकालाची इंग्रजी अवघड आहे, सामान्य माणसाला ती झेपणार नाही. पण आत बसलेल्या माणसाला बाहेरचा एकेक कागद किती दूर वाटतो, हे त्या शब्दांमागे आहे.

दंडाधिकाऱ्याची बाजू

मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना खलनायक करून हे प्रकरण समजणार नाही. त्यांच्या खुर्चीवरून पाहिले तर काय दिसते? समोर परगावचा आरोपी, ठावठिकाणा कच्चा. तो एकदा निघून गेला की वॉरंट फिरत राहते, खटला वर्षानुवर्षे लोंबकळतो, आणि फिर्यादी, जो पुष्कळदा तितकाच गरीब असतो, दर तारखेला मजुरी बुडवून परत जातो. स्थानिक जामीनदार असला तर निदान पोलिसांना जाऊन विचारायला एक दार असते. ही काळजी खोटी नाही.

पण ही काळजी एकाच बाजूला झुकते. आरोपी पळाला तर दंडाधिकाऱ्याला विचारणा होण्याची भीती असते. रक्कम जास्त लावल्यामुळे कुणी चार महिने आत राहिला, तर कुणीच विचारत नाही; तशी नोंद कुठल्या रकान्यातही जात नाही. मग सावध माणूस काय करील? ठोक रक्कम लावील, स्थानिक जामीनदार मागील, आणि पुढच्या प्रकरणाकडे वळेल. दिवसाला हाताखालून जाणारी प्रकरणे पाहिली तर त्याला दोष देणेही अवघड आहे.

दुसरे असे की या मागणीतून खात्री मिळते, हाच समज तपासायला हवा. स्थानिक जामीनदार हवा पण तो नाही, या अडचणीवर पैसे घेऊन जामीन राहणारे लोक तयार होतात. कोर्टाच्या आवारात त्यांचा माग काढणे कठीण नाही. बोगस शिधापत्रिका आणि खोट्या दाखल्यांवर जामीनदार उभे करणाऱ्या टोळ्या पोलिसांनी वेळोवेळी पकडल्या आहेत. असा जामीनदार आरोपीला धड ओळखतही नाही. तो त्याला तारखेला काय आणणार? आणि सख्खा भाऊ, जो मानगुटीला धरून आणील, तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून बाद. गरीब माणसाला नियमाने सुटता येत नाही, म्हणून तो विकतचा नियम घेतो, आणि त्यासाठी व्याजाने पैसे काढतो.

गुजरातच्या कायदेविषयक मदत समितीने, न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली, 1971 मध्येच जामीनपद्धत गरिबांविरुद्ध कशी चालते हे लिहून ठेवले होते. मोतीराम निकालात त्याचा आधार घेतलेला आहे. पुढे फेब्रुवारी 1979 पासून बिहारच्या कच्च्या कैद्यांचे हुसैनारा खातून प्रकरण आले. त्यात असे लोक सापडले जे आरोपाला असलेल्या कमाल शिक्षेपेक्षा जास्त काळ नुसत्या खटल्याची वाट पाहत आत होते. तिथे भगवतींनी रकमेऐवजी काय पाहावे हे सांगितले: माणूस त्या वस्तीत किती काळ राहतो, काम काय करतो, घरचे कोण आहेत, आधीचा गुन्हा आहे का, त्याची हमी घेणारे जबाबदार लोक कोण. यातल्या एकाही गोष्टीला सातबारा लागत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ही म्हण ज्याला पायरी चढायची की नाही हे ठरवता येते, त्याची आहे. दिवाणी दावा लावणाऱ्या शेतकऱ्याला ती सांगता येईल. गवंड्याला पायरीवर आणून उभे केले होते.

निकालानंतरची चार दशके

मोतीराम निकालाने संसदेलाही विचारले होते की सामाजिक न्यायाचा वारसा सांगणाऱ्या प्रजासत्ताकात जामिनाच्या बाबतीत पैशावरची अंधश्रद्धा चालू ठेवायची का. संसदेने 2005 च्या दुरुस्तीत, जी 2006 मध्ये अमलात आली, एक पाऊल टाकले. कलम 436 मध्ये असे आले की अटकेनंतर आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस निर्धन आहे असे न्यायालयाने मानावे आणि त्याला स्वतःच्या बंधपत्रावर सोडावे. चांगली तरतूद आहे. पण ती जामीनपात्र गुन्ह्यांपुरती, म्हणजे ज्यांत जामीन हक्काने मिळतो त्यांच्यापुरती. अजामीनपात्र गुन्ह्यात, जिथे माणसे खरी अडकतात, तिथे असे कुठलेही गृहीतक नाही. तिथे अजूनही दंडाधिकाऱ्याची मर्जी आणि 1978 चा निकाल, एवढाच आधार. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, जी 1 जुलै 2024 पासून लागू झाली, ही तरतूद कलम 478 म्हणून तशीच उतरली. कलम 479 ने पहिल्यांदा गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटकेची वाट दिली आहे. मात्र एकाहून जास्त प्रकरणे चालू असतील तर ती वाट बंद. एका भांडणातून तीन गुन्हे कसे नोंदले जातात, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको.

2022 अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसे होती आणि त्यातले 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे दर चारांतले तीन. हे सगळे जामीनदाराअभावी अडकलेले नाहीत, पुष्कळांना जामीनच मिळालेला नाही. पण त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला, संविधान दिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी लहान गुन्ह्यांत वर्षानुवर्षे आत राहणाऱ्या गरिबांचा विषय न्यायाधीशांसमोर कळकळीने मांडला. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने जामीन मिळूनही आत असलेल्यांची माहिती राज्यांकडून मागवली. आकडा निघाला जवळपास 5,000. महाराष्ट्रातले 703, आणि लक्ष घातल्यावर त्यातले 314 सुटले. लक्ष घातल्यावर सुटतात, म्हणजे अडवणारे काही मोठे नव्हतेच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या 5,000 पैकी काहींनी मुद्दामच जामीनदार दिला नव्हता, कारण दुसऱ्या प्रकरणांत जामीन व्हायचा बाकी होता. सगळीकडे झाल्याशिवाय दार उघडणार नाही, मग एकाच प्रकरणाचे बंधपत्र भरून उपयोग काय, असा त्यांचा हिशोब. त्या गाठीला सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2024 ला गिरीश गांधी प्रकरणात हात घातला. त्या माणसावर वेगवेगळ्या राज्यांत 13 गुन्हे, जामीन सगळ्यांत मिळालेला, पण दर प्रकरणात वेगळे जामीनदार आणायचे कुठून? अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने तेच जामीनदार अनेक प्रकरणांत चालतील अशी वाट काढून दिली. जामीनदार म्हणून माणूस जातो तो सख्ख्या नातेवाइकाकडे किंवा जुन्या मित्राकडे. असे लोक आयुष्यात किती असतात, हा त्या निकालातला विचार अगदी घरातला आहे.

त्याआधी 31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले होते. जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेला, कळवायचे. प्राधिकरणाने माणूस पाठवून कैद्याची आर्थिक स्थिती जाणून घ्यायची. महिनाभरात बंधपत्र भरले गेले नाही तर न्यायालयाने आपणहून अट सैल करायचा विचार करायचा. आणि शेवटचा, सातवा निर्देश: स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, तेव्हा न्यायालयांनी ही अट न लावण्याचा विचार करावा.

गवंड्याच्या भावाला परत पाठवल्यानंतर 45 वर्षांनी हे पुन्हा सांगावे लागले, आणि तेही सुचवण्याच्या भाषेत. 1978 चा निकाल कुणी उलटवलेला नाही. तो अभ्यासक्रमात आहे, परीक्षेत विचारला जातो, उच्च न्यायालयांच्या निकालांत त्याचे दाखले येतात. तो फक्त तालुक्याच्या कोर्टात संध्याकाळी पाच वाजता, जामीनदाराचे कागद तपासले जातात त्या टेबलापर्यंत पोचत नाही.

केंद्र सरकारने 2023 मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत रक्कम सरकारने भरायची सोय होती. ज्यांचे दार त्यामुळे उघडेल त्यांच्यासाठी ती मोठीच गोष्ट. माझा आक्षेप तिच्या दिशेवर आहे. गवंड्याच्या प्रकरणात न्यायालयाने 10,000 रुपये कुणीतरी भरावेत असे म्हटले नव्हते. ती रक्कमच चुकीची आहे, असे म्हटले होते. न्यायालयाने लावलेली रक्कम सरकारने भरायची, तर ती मुळात लावली कशाला?

आज हातात काय आहे

या प्रकरणाची मुळातली चूक शोधली तर ती पहिल्याच आदेशात सापडते. सर्वोच्च न्यायालयाने जामीन देताना रक्कम सांगितली नाही, आणि गवंडी काय कमावतो याचा विचार कुठल्याच टप्प्यावर झाला नाही. आजही जामीनअर्ज वाचले तर त्यात गुन्ह्याचे कलम, तपासाची स्थिती, आरोपी निर्दोष असल्याचे चार परिच्छेद असतात. तो काय करतो, रोज किती मिळवतो, घरात खाणारी तोंडे किती, त्याच्या नावावर काय आहे, हमी घ्यायला कोण आणि कोणत्या जिल्ह्यातले, याबद्दल एक ओळ नसते. मग रक्कम ठरवताना दंडाधिकाऱ्यापुढे पाहायला काहीच नसते, आणि तो कलमावरून ठोकताळा लावतो.

ती ओळ पहिल्या अर्जात यायला हवी, विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांनी तर न चुकता घालायला हवी. जातमुचलक्याची मागणी त्याच अर्जात, मोतीराम निकालाचा आणि 2023 च्या सातव्या निर्देशाचा दाखला देऊन. रक्कम तरीही जास्त लागली तर ती कमी करून घेण्याचा अर्ज नव्या संहितेच्या कलम 484 खाली सत्र न्यायालयात करता येतो. त्यासाठी महिनाभर थांबायचे कारण नाही. आणि परजिल्ह्यातला जामीनदार नाकारला गेला तर नुसते तोंडी ‘चालणार नाही’ ऐकून परत फिरू नये. नकार कारणासह लेखी मागावा. कागदावर ‘दुसऱ्या जिल्ह्यातला’ हे कारण उमटले की वरच्या न्यायालयात दाखवायला काहीतरी हातात राहते.

तुरुंगात नातेवाइकाला भेटायला गेलेल्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा: जामीन कधी झाला? आठवडा उलटून गेला असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. तिथे जाऊन नाव, गुन्हा क्रमांक आणि आदेशाची तारीख द्यावी. कोठडीत असलेल्या माणसाला वकील मोफत मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.